लष्कराच्या भाकऱ्या भाजणारीचे खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण रविवारच्या मराठी वर्गातला म्हणी-वाक्प्रचारांचा अर्धा तास बंद करण्याचा ठराव केला. त्या तासाऐवजी मुलांच्या हाती एक छापील पुस्तिका द्यायची, असेही त्याच बैठकीत ठरले. पुस्तिका आता छापून आली आणि वाटूनही झाली. बैठक संपल्यावर जिन्यात आपल्यापैकीच एकांनी मला थांबवले आणि खरोखर काळजीच्या सुरात म्हणाले, "काकू, या वयात कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजता? घरी आराम करा."

रात्री उशिरापर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिले. मी लष्करात जन्मले, लष्करात वाढले, लग्न होऊन दौलतगंजातून माधवगंजात आले तीही लष्करातच. ज्यांनी हे म्हटले त्यांचेही घर लष्करातच आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ ठोकला. तो तळ पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले आणि छावणीचे नाव शहराला पडले. फौज गावात उतरली की बायकांनी पीठ मळायला बसायचे. खाणारा कोण, उद्या कुठे जाणार, पुन्हा कधी दिसणार, कशाचा पत्ता नाही. मोबदला नाही, भाजणारीचे नाव कुणी विचारणार नाही. हा त्या वाक्प्रचाराचा अर्थ. पण त्या भाकऱ्या कुणीतरी भाजल्या, म्हणून त्या फौजेबरोबर आलेली माणसे जगली, आणि त्यांची पतवंडे आज आपल्या वर्गात बसतात. मला हा शब्द लावला याचे दुःख नाही. हा शब्द कुठून आला, हे पुढच्या पिढीला कुणी सांगायचे नाही असे आपण ठरवलेत, त्याचे दुःख आहे.

मी दोनदा लेखी अर्ज दिला. उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. मंडळाचे नाव यात घातलेले नाही. घरातले भांडण नावानिशी चव्हाट्यावर मांडण्याची माझी इच्छा नाही. पण इंदूर, देवास, उज्जैन, बडोदे, जिथे जिथे महाराष्ट्राबाहेर मराठी मुलांसाठी असे वर्ग भरतात, तिथल्या लोकांनी ते वाचावे असे मला वाटते.

मी सव्वीस वर्षे हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतर अकरा वर्षे आपला रविवारचा वर्ग घेते आहे. वर्गात वीस-बावीस मुले असतात. आजी-आजोबांशी मराठी, आई-वडिलांशी निम्मी-निम्मी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, गल्लीत नुसती हिंदी, असा त्यांचा दिवस जातो. ठरावात आपण लिहिले आहे, "मुलांना या विषयात रस नाही." हे वाक्य मी मान्य करू शकत नाही, कारण त्या तासाला मी वर्गात होते आणि आपण नव्हता.

एका रविवारी दहा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "दोघांचं पटत नाही तर छत्तीसचाच आकडा का? बत्तीसचा का नाही? चाळीसचा का नाही?" मी काही न बोलता फळ्यावर मोठ्ठे ३६ काढले. क्षणभर शांतता. मग तोच ओरडला, "पाठ करून बसलेत!" तीन आणि सहा, एकाचे तोंड इकडे, दुसऱ्याचे तिकडे. लगेच एक मुलगी उठली, खडू घेतला आणि शेजारी ६३ लिहून म्हणाली, "आणि आता बोलायला लागले." पुढची दहा मिनिटे सगळा वर्ग जोड्या करून पाठीला पाठ लावून उभा होता. घरी जाऊन त्यांनी हे आजोबांना दाखवले, शाळेत हिंदीच्या बाईंना दाखवले, कारण हिंदीतही तोच आकडा आहे. आता आपली पुस्तिका उघडा. हाच वाक्प्रचार तिच्यात आहे, पण आकडा इंग्रजी अंकांत छापलेला आहे. समोर अर्थ दिला आहे, 'वैर असणे'. इंग्रजी अंकांत ते दोघे एकमेकांकडे पाठ करत नाहीत. जे चित्र बघून मूल हसले असते ते चित्रच पुसले गेले, आणि उरले पाठांतर.

दुसरा प्रसंग. 'पाणी सोडणे' म्हणजे काय, असे विचारल्यावर निम्म्या वर्गाने सांगितले, "नळाला पाणी येतं ते." आपल्या शहरात नळाला पाणी कधी सोडतात हे घरातल्या सर्वांत लहान पोरालाही ठाऊक असते, तेव्हा त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. "काकांनी गावच्या जमिनीवर पाणी सोडले" या वाक्याचा अर्थ त्यांनी 'शेताला पाणी दिले' असा लावला. मग मी घरून ताम्हन आणि पळी नेली. दान देताना देणारा हातावरून पाणी सोडतो आणि 'न मम' म्हणतो, आता हे माझे राहिले नाही. 'तुळशीपत्र ठेवणे' तिथूनच आले, हेही त्यांनी स्वतः ओळखले. मुलांनी पाळीपाळीने पेन्सिल, खोडरबर, एकाने तर आपला डबा समोर ठेवून वर पाणी सोडले. डबा मी परत दिला. पण त्या दिवसापासून ती मुले हा वाक्प्रचार चुकलेली नाहीत.

अशी किती उदाहरणे देऊ? 'ओनामा' म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्', धूळपाटीवर गिरवायचा पहिला धडा, हे सांगितले तर एका मुलाचे आजोबा जोडीची हिंदी म्हण घेऊन आले, 'ओनामासी धम, बाप पढ़े ना हम'. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' समजावायला एका पालकांनी गच्चीवर पडलेले जाते खाली आणून दिले. मुलांनी ज्वारीचे दाणे त्यात घातले, काही सुपात ठेवले, आणि आता सुपातल्यांची पाळी म्हटल्यावर एक चिमुरडी खरोखर गप्प झाली. 'उखळ पांढरे होणे', 'पाचवीला पुजणे', 'विडा उचलणे', प्रत्येकामागे एक वस्तू आहे, एक हालचाल आहे. वस्तू गेली म्हणून शब्द पोकळ झाला आहे. तो भरायला अर्धा तास लागतो, आणि अकरा वर्षे तो मी फुकट दिला.

आता पुस्तिकेबद्दल. तिच्यात शंभरावर म्हणी-वाक्प्रचार आहेत आणि प्रत्येकापुढे 'उगम' असा रकाना आहे. ही कल्पना चांगली आहे, मनापासून सांगते. पण त्या रकान्यातला बराच मजकूर मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतून उचललेला आहे. मला ते कळले, कारण तेच निरोप माझ्याकडेही आले होते, त्याच चुकांसकट.

'संक्रांत कोसळणे' घ्या. पुस्तिका सांगते की १४ जानेवारी १७६१ रोजी संक्रांतीच्या दिवशी पानिपत झाले, म्हणून हा वाक्प्रचार आला. ऐकायला पटते, कारण आज आपली संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. पण संक्रांत इंग्रजी तारखेला खिळलेली नाही. सूर्याच्या मकरप्रवेशाची तारीख साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. मग त्याच्या शंभर वर्षे आधी ती १४ ला कशी असेल? पानिपतच्या वेळी ती १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. वाक्प्रचाराचे मूळ पंचांगात आहे. दर वर्षी पंचांगात संक्रांत देवीचे वर्णन येते: वाहन कोणते, वस्त्र कोणते, हातात काय, खाते काय, कुठल्या दिशेला जाते आणि कुठे पाहते. ती ज्याला हात लावील ते महागणार, जिकडे पाहील तिकडे संकट, अशी समजूत. आजी पंचांग ऐकताना पदर तोंडाला लावून बसायची, ते मला आठवते.

यात एक गोष्ट मला फार लागली. संक्रांतीला खरोखर कोसळलेले एक मरण आपल्या ग्वाल्हेरच्या घराण्यातले आहे. १० जानेवारी १७६०, दिल्लीजवळ यमुनेवरचा बुराडी घाट, आणि दत्ताजी शिंदे. तो संक्रांतीचाच दिवस होता. जखमी होऊन पडलेल्या दत्ताजींना शत्रूपक्षातल्या कुत्बशहाने विचारले, पाटील, आणखी लढाल का? त्यावर त्यांनी दिलेले उत्तर म्हणून जे शब्द सांगतात ते आपल्या सर्वांना पाठ आहेत: "बचेंगे तो और भी लढेंगे." हे वाक्य मराठी घरांत म्हणीसारखे वापरले जाते. माझ्या आजीने ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जाताना म्हटले होते. माझ्या मुलाने बारावीत नापास झाल्यावर म्हटले होते. पुस्तिकेच्या पहिल्या मसुद्यात मी ते घातले होते. अंतिम पुस्तिकेत ते नाही. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले, "ते हिंदी आहे."

हो, हिंदी आहे. मराठी सरदाराच्या तोंडचे, मराठी आयांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितलेले हिंदी वाक्य आहे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचे यापेक्षा खरे वाक्य मला तरी माहीत नाही. खोटी संक्रांत आपण ठेवलीत आणि खरी काढून टाकलीत.

दुसरी चूक 'ध चा मा करणे'. पुस्तिका छातीठोकपणे म्हणते, आनंदीबाईने 'धरावे'चे 'मारावे' केले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले, हे खरे. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले, हेही खरे. पण अक्षर बदलल्याची गोष्ट ही आख्यायिका आहे, आणि ती आख्यायिका म्हणूनच सांगायला हवी. 'असे सांगतात' हे दोन शब्द पुरेसे होते. एका बाईचे नाव अडीचशे वर्षे एका अक्षराला बांधून ठेवले आहे, निदान आपण मुलांच्या हाती तरी ते निकालपत्रासारखे देऊ नये. मी बाई आहे म्हणून हे लिहिते असे कुणी म्हणेल. असेना का.

तिसरी चूक छोटी आहे, पण फक्त आपल्यासारख्या शहरातच होऊ शकते. 'पोबारा करणे' याचा अर्थ पुस्तिकेत 'नशीब उघडणे' असा छापला आहे. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे चांदी होणे, बरोबर. मराठीत पोबारा करणारा पळून जातो. दोन्हींचा उगम एकच, सोंगट्यांचा डाव. पौ म्हणजे एक आणि त्यावर बारा, हे दान पडले की खेळणाऱ्याचे फावते. हिंदीने त्यातले फावणे धरले, मराठीने त्यातली सुटका धरली. एका फाशातून दोन भाषांनी दोन अर्थ काढले, ही गोष्ट मुलांना किती आवडली असती! आपली मुले दोन्ही भाषांत राहतात. 'नानी याद आ गई' याचे मराठी वर्गातल्या एकाने "मला आजी आठवली" असे केले होते, तेव्हा त्याला चूक न म्हणता आम्ही तासभर दोन्ही भाषांतल्या जोड्या शोधल्या. विडा आणि बीड़ा, पळसाची तीन पाने आणि ढाक के तीन पात, वाकडे अंगण आणि टेढ़ा आँगन. हा खजिना पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा आपल्या मुलांना जवळचा आहे.

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती लिहिताना माझा हात जड होतो. काही म्हणी बायकांना, विधवांना आणि ठरावीक जातींना हिणवणाऱ्या आहेत. त्या मी इथे लिहिणार नाही. वाटपाच्या दिवशी एक मुलगी पुस्तिका मोठ्याने वाचत होती. तिच्या आडनावावरून ओळखू येईल अशा जातीवरची म्हण आली, तिने अर्धी वाचली आणि थांबली. पुढचे पान उलटले नाही. अशा म्हणी जाळून टाका असे मी म्हणत नाही. मोठ्यांच्या संग्रहात त्या राहाव्यात, कोण कुणाला काय म्हणत आले याची ती साक्ष आहे. पण दहा वर्षांच्या मुलीच्या हातात 'आपल्या पूर्वजांचे शहाणपण' या मथळ्याखाली त्या देणे मला मान्य नाही, आणि कुठल्याही आईला मान्य होणार नाही.

आता वह्यांविषयी. महिला शाखेच्या तीन जाड वह्या होत्या. हळदीकुंकवाला, भोंडल्याला, श्रावणातल्या शुक्रवारी जमलेल्या बायकांच्या तोंडून ऐकलेल्या म्हणी आणि वाक्प्रचार त्यांत उतरवलेले होते. नुसती म्हण नव्हे, ती कोण म्हणाले, कुठल्या प्रसंगी म्हणाले, त्यांच्या माहेरी त्याचा अर्थ काय, हे सगळे. बरीच पाने माझ्या सासूबाईंच्या हातची होती, जांभळ्या शाईतली. दिवाळीआधी हॉलला रंग दिला तेव्हा त्यांतली पहिली वही रद्दीत गेली. कुणी मुद्दाम दिली असे मी म्हणत नाही. पण देण्याआधी कुणी उघडूनही पाहिली नाही. उरलेल्या दोन रंगमंचाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत आणि ट्रंकही आता काढायची ठरली आहे, असे कळते. छापील कोश पुन्हा मिळतात. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची, आजही हवा तेव्हा बघता येतो. दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश आहे. लष्करातल्या बायकांच्या बोलण्याची ती वही मात्र जगात एकच होती.

आपण म्हणाल, एवढ्या जुन्या शब्दांचे काय घेऊन बसलात? म्हणून आपल्या गावातले दोन शब्द सांगते.

आपण रोज कंपूवरून जाता. त्या भागाचे नाव आणि मराठीतला 'कंपू' शब्द एकच आहे. छावणी या अर्थाच्या युरोपीय शब्दावरून तो आला. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये डी बॉयन या युरोपीय सेनानीला नोकरीत घेतले आणि कवायती पलटणी उभ्या केल्या, त्या पलटणींच्या तुकड्यांना कंपू म्हणत. त्या फौजा संपल्या. मराठीत कंपू उरला तो टोळक्याच्या, आपल्याआपल्यांच्या गोटाच्या अर्थाने. कंपूत राहणाऱ्या एका मुलाला हे सांगितले तेव्हा तो दिवसभर "मी पलटणीतला" म्हणत फिरत होता.

दुसरा शब्द 'खुर्दा'. खुर्दा उडवणे म्हणजे तुकडे तुकडे करणे. खुर्दा म्हणजे मोड, तांब्याची चिल्लर. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या मुक्कामी एका सावकारी पत्रातून कळली: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे ज्यांची नावे कुणी लिहिली नाहीत ती माणसे. भेलसा म्हणजे आजचे विदिशा, पुढे ग्वाल्हेर संस्थानात आले. हे मी वर्गात सांगितले त्या दिवशी एक मुलगा संस्थानच्या काळातला पाव आण्याचा तांब्याचा पैसा घेऊन आला होता. सोळा आण्यांचा रुपया, चौसष्ट पैसे, १९२ पै, हा हिशोब १ एप्रिल १९५७ पर्यंत चालत होता, म्हणून 'सोळा आणे खरे' म्हणजे पूर्ण खरे, हे शिकवायला तो पैसा आणला होता. पत्राची गोष्ट ऐकून त्याने तो मुठीत धरला आणि विचारले, "म्हणजे हा एक माणूस?" या प्रश्नाचे गुण आपण कुठल्या परीक्षेत मोजणार?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

म्हणी-वाक्प्रचारांचा अर्धा तास पुन्हा सुरू करावा. मीच घ्यावा असा माझा हट्ट नाही. कुणी तरुण शिक्षिका तयार असेल तर मी मागच्या बाकावर बसेन. पण तास हवा.

पुस्तिका परत गोळा करून दुरुस्त करावी. परत घेणे जमणार नसेल तर एक दुरुस्तीपत्रक छापून प्रत्येक घरी द्यावे. त्यात संक्रांत, ध चा मा आणि पोबारा यांची दुरुस्ती असावी. छत्तीसचा आकडा देवनागरीत असावा. दत्ताजींचे वाक्य असावे. ज्या उगमाला कोशाचा किंवा इतिहासाचा आधार नाही, तिथे रकाना कोरा सोडावा. कोऱ्या रकान्याने मुलांचे काही बिघडत नाही. मुद्रितशोधन मी विनामूल्य करून देईन, चार दिवसांत.

हिणवणाऱ्या म्हणी मुलांच्या पुस्तिकेतून काढाव्यात, आणि त्या मुलीच्या घरी जाऊन मंडळाच्या वतीने कुणीतरी दोन शब्द बोलावे. हे मी सर्वांत आधी करावे असे सुचवते.

ट्रंकेतल्या दोन्ही वह्या हलवण्याआधी त्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि वह्या कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात. कपाट नसेल तर मी देते. आणि गेलेली वही परत मिळणार नाही, पण ती ज्यांच्या तोंडून भरली त्यांतल्या काही जणी अजून आहेत. ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढच्या. जनकगंजात आहेत, नई सडकेला आहेत, शिंदे की छावणीत आहेत. मोठ्या मुलांना मोबाइल देऊन त्यांच्याकडे पाठवू या. अर्धा तास बसून विचारायचे, तुमच्या घरी हे कसं म्हणायचे? यासाठी पैसे लागत नाहीत. यासाठी उशीर करून मात्र चालणार नाही.

आणि शेवटची मागणी, वर्गाविषयीचे यापुढचे निर्णय शिकवणाऱ्यांना आणि पालकांना बोलावून घ्यावेत. आपण मंडळ चालवता, वर्गणी जमवता, गणपती बसवता, हॉलचे वीजबिल भरता. याची मला जाण आहे आणि मनात आदर आहे. तुमच्यातल्या दोघांना मी बाराखडी शिकवली आहे. म्हणूनच हक्काने लिहिते.

बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या तासाला एका मुलीने विचारलेला प्रश्न राहून गेला आहे: "गाशा गुंडाळला म्हणतात, तो गाशा दिसतो कसा?" गाशा हा फारसीतून आलेला शब्द, घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड. मुक्काम हलवायचा झाला की ते गुंडाळायचे. माझे पणजोबा शिंदे सरकारच्या पागेत कारकून होते. त्यांच्या काळचा एक गाशा आमच्या माळ्यावर पेटीत आहे, कसर लागलेला, पण कडेची लाल पट्टी अजून ओळखू येते. तो मी उन्हात घातला आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता तो घेऊन मी येईन. हॉलची किल्ली मिळाली तर आत बसू, नाहीतर बाहेरच्या पायऱ्यांवर सतरंजी घालू. मुलांना निरोप गेला आहे. आपणही यावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
रविवारच्या मराठी वर्गाची शिक्षिका
माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर